जिद्द पुरे, आता आर्मरर द्या

२०२४ च्या जुलैअखेरीस तो फोटो तुमच्याही फोनवर आला असणार. पॅरिस ऑलिम्पिक. साधा टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात पँटच्या खिशात, दुसऱ्या हातात पिस्तूल. तुर्कस्तानचा युसुफ डिकेच, वय ५१. १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक स्पर्धेत त्याने आणि शेव्वल इलायदा तारहानने रौप्यपदक घेतलं आणि जगभर मीम्सचा पाऊस पडला. बाकीचे नेमबाज भिंगं आणि झापडं लावून आलेले, आणि हा काका भाजी घ्यायला निघाला असताना वाटेत पदक घेऊन गेला, असा एकूण सूर. आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर त्याला लगेच सुविचाराची जोड मिळाली. साधनांत काही नसतं, सगळं मनात असतं.

आता तोच फोटो पुन्हा उघडा आणि झूम करा. खिशातला हात सोडा, दुसरा बघा. त्या हातात स्पर्धेसाठीच बनवलेलं पिस्तूल आहे, शेजारच्या लेनमधल्या नेमबाजांकडे असतं त्याच जातीचं. नळीखाली दाबलेल्या हवेचं सिलिंडर, तळव्याला चपखल बसणारी मूठ, ग्रॅमच्या हिशेबात लावलेला ट्रिगर. डिकेच २००८ पासून ऑलिम्पिक खेळतोय आणि त्याआधीची नोकरी तुर्की सशस्त्र पोलीस दलातली. त्याने वगळल्या त्या चष्म्याच्या आसपासच्या गोष्टी. पिस्तूल काही त्याने वगळलं नाही.

मी नाशिकचा. दिवसा सॉफ्टवेअर लिहितो, आठवड्यातल्या चार संध्याकाळी रेंजवर एअर पिस्तूल चालवतो. राज्य पातळीच्या पुढे माझी मजल नाही आणि जाईल असंही वाटत नाही. पण रोज शेजारच्या लेनवर बारा-पंधरा वर्षांची मुलं बघतो आणि त्यांना काय सांगितलं जातं ते ऐकतो. म्हणून हे भांडण. माझं म्हणणं एका वाक्याचं आहे: नेमबाजीला ‘मनाचा खेळ’ म्हणत राहणं ही आपली सोय झाली आहे, कारण पदक मनात आहे असं एकदा ठरलं की पेलेट, ट्रिगर, मूठ आणि दुरुस्ती यांची जबाबदारी कुणाचीच उरत नाही.

आधी मापं बघू. १० मीटर एअर पिस्तूलच्या निशाण्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं. पात्रता फेरीत ६० शॉट, सव्वा तास. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, १०.९ हा कमाल, आणि ०.१ गुण म्हणजे कागदावर फक्त ०.८ मिलिमीटर. पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचं वजन पेलणारा हवा, आणि हे स्पर्धेआधी प्रत्यक्ष वजन टांगून तपासतात. वजन उचललं नाही तर पिस्तूल नापास.

पेलेट म्हणजे ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा. कंपन्या त्याचं डोकं ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत विकतात. शंभरावा हिस्सा मिलिमीटरचा फरक, पण कुठली नळी कुठल्या मापाला ‘घेते’ हे आधी सांगता येत नाही. पिस्तूल शिकंज्यात घट्ट बांधायचं, प्रत्येक मापाचे, प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉट घ्यायचे आणि कागदावरच्या भोकांचा पसारा मोजायचा. .२२ काडतुसांचंही तेच. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो. म्हणून इंग्लंडमधल्या एली किंवा जर्मनीतल्या आरडब्ल्यूएससारख्या कंपन्यांकडे नेमबाज आपलं शस्त्र घेऊन जातात, एकेक लॉट तपासतात आणि जुळेल तो लॉट उचलतात.

आता थोडं गणित, घाबरू नका, बारावीपर्यंतचंच आहे. हाताच्या थरथरीमुळे होणारा पसारा आणि पेलेटमुळे होणारा पसारा सरळ बेरजेने वाढत नाही, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. समजा नवशिक्याच्या हाताचा पसारा १२ मिलिमीटर आहे आणि पेलेटचा ३. एकूण पसारा होतो १२.४. म्हणजे त्याने जगातलं सर्वोत्तम पेलेट आणलं तरी फायदा अर्ध्या मिलिमीटरहून कमी. आता चांगल्या नेमबाजाचा हात ४ मिलिमीटरचा धरा आणि पेलेट तेच, ३ चं. एकूण ५. पायथागोरसचा शाळेतला त्रिकोण. इथे मात्र पेलेटने थेट २५ टक्के नुकसान केलं. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण नियम खरा आहे: माणूस जितका चांगला, तितकं साधन जास्त बोलतं. ‘साधनांत काही नसतं’ हे वाक्य नवशिक्याबद्दल जवळपास खरं आहे आणि ज्याच्याकडून आपण पदकाची अपेक्षा करतो त्याच्याबद्दल साफ खोटं.

आणि नवशिक्याबद्दलही ते अर्धवटच खरं, कारण पसारा ही एक गोष्ट आणि सरकणं ही दुसरी. मूठ हाताला बसत नसेल तर शॉट विखुरत नाहीत, सगळे मिळून एका बाजूला सरकतात. आमच्या रेंजवर नववीतली एक मुलगी आहे. तिच्याकडे सेकंडहँड पिस्तूल आलं, मूठ मोठ्या माणसाच्या हाताची. बोट ट्रिगरवर सरळ पोचेना, दाबताना पिस्तूल दर वेळी डावीकडे ढकललं जायचं. सहा महिने तिला सांगितलं गेलं की तुझं लक्ष लागत नाही, तू टेन्शन घेतेस, ध्यान कर. मुलगी आज्ञाधारक, तिने ध्यान केलं. शॉट डावीकडेच. शेवटी अंबडच्या कारखान्यात लाकडी पॅटर्न बनवणाऱ्या एका काकांनी दोन रविवार घालवून ती मूठ कानसली, तळव्याखालच्या पोकळीत पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला. शॉट मधे आले. काकांनी आयुष्यात पिस्तूल हातात धरलं नव्हतं, पण वस्तू हातात कशी बसते हे त्यांना कळत होतं. त्या मुलीच्या मनाचे सहा महिने कोण परत देणार? एका लाकडाच्या तुकड्याचा दोष तिने स्वतःच्या स्वभावाचा दोष समजून वागवला. मला राग आहे तो याचा.

हेच मोठ्या पडद्यावरही झालं. २५ जुलै २०२१, टोकियो. १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मधेच बिघडलं. दुरुस्तीत मिनिटांमागून मिनिटं गेली, घड्याळ थांबलं नाही. उरलेले शॉट घाईने मारूनही तिने ५७५ गुण केले आणि फायनल २ गुणांनी हुकली. त्यानंतर आठवडाभर देशात चर्चा कशाची? तिचं वय, तिचा स्वभाव, प्रशिक्षकांशी भांडण, दडपण. एका यंत्राचा भाग ऐन वेळी दगा देतो, तो का देतो, तो आधी कुणी तपासायचा, असे भाग किती दिवसांनी बदलायचे, हे प्रश्न कुठल्याच चॅनेलला पडले नाहीत. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं घेतली तेव्हा आपण म्हणालो, बघा, मन खंबीर झालं. झालंही असेल. पण या वेळी पिस्तूलही चाललं, हे कुणी म्हटलं का?

महाराष्ट्राची गोष्ट याहून जवळची आहे. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, नेमबाजीचे सुरुवातीचे धडे नाशिकमध्ये गिरवले, पुढे मध्य रेल्वेत टीसी. तुम्ही ही गोष्ट वाचली असेल आणि त्यात वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचा उल्लेखही. बातमीदारांनी तो उल्लेख डोळ्यांत पाणी आणण्यासाठी वापरला. मी तो वाचला आणि मला तो आरोपपत्रासारखा वाटला. शिक्षकाच्या पगारावर चालणाऱ्या घराला सरावाच्या काडतुसांसाठी कर्ज काढावं लागतं, याला आपण त्यागाची कहाणी म्हणतो. मग ज्यांना कर्ज मिळालं नाही त्यांची कहाणी कुठे छापली? ती मुलं आपल्याला माहीतच नाहीत, कारण ती पाचव्या महिन्यात रेंजवर यायची बंद झाली.

हिशेब साधा आहे. एअर पिस्तुलाचा रोजचा सराव ८० शॉटचा धरा, महिन्याचे २५ दिवस. २००० पेलेट, म्हणजे पाचशेचे चार डबे. चांगला परदेशी डबा हजाराच्या आसपास जातो. महिन्याला चार हजार निव्वळ शिसं. निफाड-दिंडोरीच्या घरात ज्या वर्षी द्राक्षबाग अवकाळीत जाते त्या वर्षी सगळ्यात आधी काय थांबतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मग मूल स्वस्त पेलेटवर येतं, मग ‘ड्राय’ सरावावर, मग घरी.

आता जगात दुसरीकडे बघा. यूट्यूबवर तुम्ही प्रॅक्टिकल शूटिंगचे व्हिडिओ बघितले असतील. माणूस धावतो, दाराआडून, पिंपाआडून गोळ्या झाडतो, मॅगझिन बदलतो, पुन्हा धावतो. आयपीएससी ही त्याची जागतिक संघटना, १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली. तिथे गोळीचा जोरही नियमात बसवलेला आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला किती फूट, दोहोंचा गुणाकार भागिले हजार. हा पॉवर फॅक्टर. मायनर गटासाठी तो किमान १२५ हवा. १२४ ग्रेनची गोळी १०२० फुटांच्या वेगाने गेली तर १२६.४८ येतो आणि तुम्ही पास. त्याहून जास्त दारू भरली तर धक्का वाढतो आणि दुसरा शॉट उशिरा लागतो, कमी भरली तर गटातून बाहेर. म्हणून तिथले हौशी खेळाडूही घरी प्रेसवर स्वतःची काडतुसं भरतात, क्रोनोग्राफने वेग मोजतात, वहीत लिहून ठेवतात, स्प्रिंग बदलून पुन्हा मोजतात. हे काम त्या खेळाचाच भाग आहे. तिथे कुणी म्हणत नाही की खरा खेळाडू स्प्रिंगकडे बघत नसतो.

आपल्याकडे हा प्रकार सर्वसामान्य माणसाला जवळजवळ बंद आहे. ९ मिलिमीटरचं पिस्तूल साध्या परवान्यावर मिळत नाही, घरी काडतुसं भरण्याचा तर प्रश्नच नाही. कायदा सैल करा अशी माझी मागणी मुळीच नाही. गल्लीगल्लीत पिस्तुलं आलेली मला नको आहेत. मला तिथून फक्त ती वही हवी आहे, मोजून लिहिण्याची सवय. आणि त्या सवयीसाठी बारूद लागत नाही. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवानाही लागत नाही. रोज शेकडो मुलं ज्या खेळात उतरतात तो हा आहे, आणि इथेच मोजणारं कुणी नाही.

नाशिकमध्ये बसून हे लिहिताना हसू येतं. देवळालीला लष्कराची तोफखान्याची शाळा आहे. तिथल्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा, गोळा मनाच्या जोरावर जातो का. तोफखान्यात दारूगोळा लॉटनुसार वेगळा ठेवतात, तोंडाशी वेग किती निघतो हे मोजतात आणि त्याप्रमाणे नेम दुरुस्त करतात. ओझरला एचएएलमध्ये सुखोई तयार झाली. सातपूर आणि अंबडमध्ये मायक्रॉनमध्ये काम करणारे टर्नर-फिटर पिढ्यानपिढ्या आहेत. पुण्यात खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ पासून चालू आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावची आहे. एवढं सगळं ज्या पट्ट्यात आहे तिथल्या मुलाच्या पिस्तुलाचं दीडशे रुपयांचं सील गेलं की ते पिस्तूल पार्सलने दुसऱ्या राज्यात जातं. आमच्या रेंजवरचं एक असं पाच आठवडे गेलं होतं, मधल्या काळात राज्य स्पर्धा होऊन गेली. पावसाळ्यात हातपंपाने भरलेली दमट हवा सिलिंडरात जाते, आतून गंज धरते. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात. सेकंडहँड घेताना ती तारीख किती पालक बघतात? २०० बारचा दाब ज्यात भरायचा त्या नळकांड्याबद्दल बोलतोय मी.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या आणि नामांकित नेमबाजांना ठेवता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या ७ वरून १२ केली, काडतुसांची मर्यादाही वाढवली. चांगलं केलं. पण शिडीच्या वरच्या पायऱ्यांना मखमल लावली आणि खालची पायरी मोडकीच ठेवली, असं ते झालं. पदक आल्यावर आपण उदार होतो. स्वप्निलला राज्य सरकारने लगेच १ कोटी जाहीर केले. त्याचा एक रुपयाही कमी होऊ नये, उलट वाढावा. पण त्याच १ कोटीचा दुसरा हिशेब करून बघू. वर्षाला ६ लाख पगाराचा एक आर्मरर, म्हणजे शस्त्र जुळवणारा, तपासणारा, दुरुस्त करणारा कारागीर. दहा वर्षांचे ६० लाख. उरलेल्या ४० लाखांत कोरडी हवा भरणारा कॉम्प्रेसर, टेस्टिंगचा शिकंजा, क्रोनोग्राफ, सील आणि स्प्रिंगांचा साठा, मुठींसाठी लाकूड, आणि वर्षाला काही लॉट पेलेट, तपासून, मुलांना मूळ किमतीत. एका जिल्ह्याची दहा वर्षांची सोय, एका सत्काराच्या रकमेत.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, मग आईबाप कर्ज काढून महागडी पिस्तुलंच आणतील. आजच आणतात! ‘कुठलं घेऊ’ या प्रश्नावर ग्रुपांत दोनशे मेसेज पडतात, दोन लाखांचं पिस्तूल येतं आणि मूठ तशीच राहते. सांगणारा कारागीर शेजारी नसला की माणूस ब्रँडवर विश्वास ठेवतो. वरच्या गणितातला १२ चा हात ज्याला समजला, तो पहिल्या वर्षी साधं पिस्तूल आणि हाताला बसलेली मूठ एवढ्यावर खूश राहील.

दुसरा आक्षेप, मनाचं महत्त्व नाकारता का? हा नाशिकमध्ये जास्त जोरात येतो, कारण भीष्मराज बाम आमच्या शहराचे. माजी पोलीस अधिकारी, देशातल्या कितीतरी मोठ्या खेळाडूंच्या मनावर त्यांनी काम केलं, २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच म्हणतो. मनाचं प्रशिक्षण हे शास्त्र आहे, त्याला वेळ लागतो, तज्ज्ञ लागतो. ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणणं हे ते शास्त्र नव्हे, ती टाळाटाळ आहे. शिवाय मनाला स्थिर राहायला कारण लागतं. माझा शॉट जिथे निघाला तिथेच लागणार हे ज्याला माहीत आहे त्याचं मन शांत राहतं. दहा गेला तो माझ्यामुळे की पेलेटमुळे, हेच ज्याला कळत नाही तो शांत राहील कसा? त्याचा प्रत्येक धडा चुकीचा असणार. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही मोडक्या मशीनवरच्या टेस्टचा निकाल फेकून देतो. मुलांचा निकाल मात्र प्रगतिपुस्तकात लिहितो.

तिसरा आक्षेप, शेतकरी अडचणीत असताना हे चोचले कशाला? बरोबर आहे, मग नेमबाजी बंद करा, मी गप्प बसेन. पण पदकाच्या दिवशी फटाके वाजवायचे, रस्त्याला फ्लेक्स लावायचे, शाळेत भाषणं ठोकायची आणि पेलेटच्या डब्याचा विषय निघाला की शेतकरी आठवायचा, हा खेळ नको. रेंजवर येणारी निम्मी मुलं शेतकऱ्यांचीच आहेत.

माझी मागणी छोटी आहे. जिथे सरकारी किंवा अनुदानित रेंज आहे अशा प्रत्येक जिल्ह्यात एक पगारी आर्मरर. त्याच्याकडे प्रत्येक मुलाची एक वही: ट्रिगर किती ग्रॅम, मूठ कधी कोरली, कुठलं पेलेट जुळलं, सिलिंडरची तारीख काय. आयटीआयमध्ये फिटर होणाऱ्या मुलांपैकी दोघांना हे काम शिकवा. खेळाडूंना रेल्वेत आणि पोलिसांत नोकरी मिळते, तशी ज्याचा खेळ पंचविशीत थांबला त्याला ही मिळू द्या. त्याला ट्रिगर आधीच कळतो.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय. पुढच्या ऑलिम्पिकला पुन्हा एखाद्या मराठी मुलीचा फोटो फिरेल, खाली जिद्दीबद्दल चार ओळी असतील. फॉरवर्ड जरूर करा. फक्त खाली एक प्रश्न टाका: हिची मूठ कुणी कानसली? उत्तर देणारं माणूस सापडलं तर त्याचाही फोटो लावा. नाही सापडलं तर समजा की ती आपल्या व्यवस्थेमुळे नाही, तिला चुकवून तिथवर पोचली आहे.